डॅशबोर्डमधली चौकट

सोलापूरच्या उन्हाळ्यात काचेला चिकटवायचा रबरी होल्डर टिकत नाही. गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की रबर मऊ पडतं आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात टॅबलेट गियरवर येऊन आदळतो. माझं काम ठिबकचे संच बसवून देण्याचं. शेतं आडवाटेला, नेटवर्क बेभरवशाचं, म्हणून नकाशे आणि शेतांचे आराखडे सगळे टॅबलेटमध्ये उतरवून ठेवलेले. त्याला गाडीतच पक्की जागा करायची असं मी ठरवलं.

जागा होती जुन्या टेपची. ‘डबल डिन’ म्हणतात ती खाच १७८ मिलिमीटर रुंद आणि १०० उंच असते. माझा सात इंची टॅबलेट आडवा धरला तर २०० बाय ११४, म्हणजे तो आत मावणार नाही, खाचेच्या पुढेच बसवावा लागणार. मग तो काय काय झाकणार, हा खरा प्रश्न. मी टॅबलेटच्या मापाचा पुठ्ठा कापून तिथे चिकटवला आणि तसाच गावोगाव फिरलो. हे पुठ्ठ्याचं काम कुणीही टाळू नये. हॅझर्डचं बटण न बघता सापडतं का, एसीची कळ फिरवताना बोटं अडतात का, दुपारचं ऊन पडद्यावरून थेट डोळ्यांत येतं का, हे सगळं त्या पुठ्ठ्यानेच दाखवलं. त्यावरून चौकट किंचित खाली सरकवली आणि ड्रायव्हरकडे थोडी कलती केली.

थ्रीडी प्रिंटरवर स्वस्तात चौकट निघते, पण त्यात सर्रास वापरलं जाणारं पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि उन्हातला डॅशबोर्ड त्याहून तापतो. एबीएस १०० अंशांपर्यंत तग धरतं. म्हणून भंगार बाजारातून माझ्याच गाडीच्या मॉडेलची, डॅशबोर्डची एबीएसची जुनी पट्टी आणली, मूळ पट्टी जपून ठेवली. एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले की दाट लगदा होतो. सांध्यांत तो भरला की प्लास्टिक एकजीव होतं. वास उग्र, काम अंगणातच करावं. मग कानस, मग पॉलिशपेपर. वरून काळं, बिनचकाकीचं रेक्झिन सीट कव्हरवाल्या चाचांनी चढवलं. “कोपऱ्यावर ओढू नका साहेब, गरम करून बसवा,” असं म्हणत त्यांनी हेअर ड्रायरने प्रत्येक कोपरा असा वळवला की सुरकुती शोधून सापडत नाही.

चौकट कायमची, टॅबलेट मात्र काढता येणारा, यावर मी ठाम होतो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये. बंद गाडीत तो आकडा आमच्याकडे सहज ओलांडला जातो. खाली खोबण, वर स्प्रिंगचा खटका: एका हाताने टॅबलेट निघतो आणि माझ्याबरोबर शेतात येतो. मागे बोटभर पोकळी ठेवून एसीच्या झरोक्यातली थोडी हवा तिकडे वळवली आहे.

वीज टेपच्या लाल वायरवरून घेतली, कारण ती चावी फिरवल्यावरच जिवंत होते. पिवळी कायम चालू असते, तिच्यावर जोडलं तर गाडीची बॅटरी उतरत राहते. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं. ते ५ वर आणणारा कन्व्हर्टर आणि त्याच्याआधी स्वतंत्र फ्यूज. स्वस्त कन्व्हर्टरमुळे रेडिओत खरखर येते, ती वायरीवर फेराइटची कडी चढवल्यावर गेली.

पडद्यावर गाडी चालू असताना फक्त नकाशा असतो. २०२० साली मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसारही हातातलं उपकरण चालकाला रस्ता शोधण्यापुरतंच वापरता येतं, आणि ते योग्यच आहे.

परवा मेहुण्यांनी त्यांच्या नव्या गाडीत असंच करून मागितलं. तिथे कंपनीच्या पडद्यावरच एसी आणि मागचा कॅमेरा चालतो, म्हणून तो झाकता येत नाही, आणि त्यांना चौकट हवी होती डावीकडे, एअरबॅगच्या झाकणावर. मी स्पष्ट नाही म्हणालो. त्या झाकणावर काहीही बसवायचं नसतं.