यादी बिघडली नव्हती



दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाकडे एकाशनाच्या जेवणाची व्यवस्था असते. कुणाचा उपवास, कुणाचं एकाशन, ही यादी माझ्याकडे. यंदा पहिला दिवस पार पडला आणि पुढच्या नऊ दिवसांची यादी पुण्याहून सूनबाईने पाठवली. तिने ती फोनवर भरून घेतली होती. ती सीएसव्ही फाइल मी एक्सेलमध्ये उघडली आणि हातपायच गळाले. फोन नंबर, तारखा नीट. पण नावं आणि 'उपवास', 'एकाशन' यांच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला इंग्रजी ए आणि कसल्याकसल्या खुणा!

सकाळी चूल पेटायची होती. मी फोनवर बोलून गेले, "अगं, किती ती घाई! सगळ्या नावांची वाट लावलीस." ती म्हणाली, "आई, माझ्याकडे नीट दिसतंय." मला ते उलट उत्तर वाटलं.

थोड्या वेळाने माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. आकडे जुळतात, फक्त मराठी जुळत नाही, मग वही खराब कशी? पुन्हा फोन केला. तिने समजावलं: संगणक अक्षरं आकड्यांत साठवतो. फोनने यूटीएफ-८ पद्धत वापरली. तिच्यात आपलं एक अक्षर तीन बाइटचं. एक्सेलने जुनी पद्धत धरून प्रत्येक बाइट वेगळं अक्षर म्हणून वाचला. इंग्रजी अक्षरं आणि आकडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते वाचले. आजोबांची मोडीतली खतावणी आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ती चुकीची नसते, तसंच हे.

तुमच्यावर वेळ आली तर फाइलवर डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'फाइल ओरिजिन'ला '६५००१ यूनिकोड (यूटीएफ-८)' निवडून 'लोड' करा. बिघडलेली दिसणारी फाइल सेव्ह करू नका. मेलमधली मूळ फाइलच पुन्हा घ्या. मूळ फाइलमध्येच नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र अक्षरं गेलेली असतात, यादी नव्याने मागवावी लागते.

यादी उघडली. सगळ्या जणी जागच्या जागी होत्या.

त्याच सकाळी मी मंदिरात उत्तम क्षमेचं प्रवचन ऐकून आले होते. क्षमावाणीपर्यंत थांबले नाही, तिची तेव्हाच क्षमा मागितली. ती हसली, "आई, आधी सांगा, उद्या एकाशनं किती?"

सदतीस होती.