बाई, आपण जिंकलो की हरलो?

बालमित्रांनो, तुमच्या प्रश्नापुढे तुमच्या बाई कधी गप्प झाल्यात का? मी झाले!

मी वसईची, चौथीच्या वर्गाला शिकवते. मागे एकदा मुलांना वसईचा किल्ला दाखवायला नेलं होतं. तिथं चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. मी सांगितलं, "१७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला जिंकला." मुलांनी जयजयकार केला. एक मुलगा मात्र गप्पच. परतताना तो हळूच म्हणाला, "बाई, तुम्हीपण आमच्या चर्चमध्ये येता ना? मग त्या दिवशी आपण जिंकलो की हरलो?"

"सोमवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही पाठ सोडेना. लहानपणी मलाही तो पडला होता, फक्त विचारायचं धाडस झालं नव्हतं.

मग मी आमच्या धर्मग्रामाचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीची गावं आणि वाड्या, बरं का! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्याबरोबर धर्मगुरू आले, चर्चं उभी राहिली, शाळा निघाल्या. देवळंही पाडली गेली, लोकांवर जुलूम झाला. तेही लपवायचं नाही. याच वसईत एका इथल्या आईच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. त्याचे वडील पोर्तुगीज होते. तो जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ साली पोपसाहेबांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

१७३९ साली पोर्तुगीज गेले. त्यांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. मोठ्यानं बोलणाऱ्याला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ना? ती नाशिकला गोदाकाठच्या देवळावरची घंटा त्यांतलीच. तिच्यावर १७२१ साल आहे.

घंटा गेल्या, पण माणसं? तहात एक कलम होतं : जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यावा. गलबतात बसून गेले ते अंमलदार आणि शिपाई. शेतकरी, कोळी, बागायतदार कुठं जाणार? त्यांच्या विहिरी इथं, केळीच्या बागा इथं. ते राहिले.

आणि त्यांची भाषाही राहिली. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. शब्द पाठ, अर्थ मात्र ठाऊक नाही! पुढं १९६२ ते १९६५ या काळात रोमला व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायची मोकळीक मिळाली. मराठीत पहिल्यांदा प्रार्थना ऐकली तेव्हा आजी रडली होती. म्हणाली, "आज देवाला माझं बोलणं कळलं असं वाटलं." आता याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो बघा. नंदाखाल हे त्यांचं गाव. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आमचं पापडीचं चर्च त्याचं कॅथेड्रल बनलं.

सोमवारी मी हे सगळं वर्गात सांगितलं. मग त्या मुलाला विचारलं, "लढाई झाली तेव्हा तुझे पणजोबांचे पणजोबा कुठं असतील रे?"

तो विचारात पडला. "वाडीत असतील. भातशेतीची तयारी करत."

"मग ते जिंकले की हरले?"

"बाई, ते इथंच होते!" तो म्हणाला. शेजारचा लगेच म्हणाला, "माझेपण!" त्याचं घर हनुमानाच्या देवळामागं आहे.

मला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं चर्च, देऊळ, मशीद किंवा विहार असेल. ते कुणी बांधलं, तिथं आधी काय होतं, लोक कोणत्या भाषेत प्रार्थना करायचे, हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या आजीचं मी लिहून ठेवलं नाही. आता विचारायला ती नाही.