डाळिंब डाळीत पडलं

सोलापूर, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस

चि. सोनूस,

तुझा प्रोग्राम काल चालवून पाहिला. आजीची खर्चाची वही टाइप करून तिचे वर्ग पाडायचे, ही कल्पनाच मला आवडली. पण निकाल पाहून आजी चष्मा सावरत म्हणाली, ‘‘अगं, आता डाळिंबाचं वरण करू का?’’ ‘डाळिंब १ किलो’ ही नोंद तुझ्या पायथॉननं सरळ ‘धान्य-डाळी’त टाकली होती. ज्या गावाच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं हे!

चूक अर्धीच तुझी. आपण ‘ळिं’ हे एकच अक्षर वाचतो. संगणकाकडे मात्र ळ, वेलांटी आणि अनुस्वार हे तीन सुटे तुकडे असतात, आणि वेलांटी कागदावर ळच्या आधी दिसली तरी साठवताना ती ळच्या मागे येते. त्यामुळे ड, काना, ळ अशी अख्खी ‘डाळ’ डाळिंबात सापडते. इंग्रजी पुस्तकांतला ठरलेला उपाय म्हणजे शब्दाची हद्द शोधणारं ‘बॅकस्लॅश बी’. तो इथं कुचकामी आहे, कारण पायथॉनचं ‘री’ मॉड्यूल काना-वेलांटीला शब्दाचा भाग मानतच नाही. ळपाशी शब्द संपला असंच त्याला वाटतं. हा उपाय वर्गात छातीठोकपणे सांगून मीही एकदा तोंडघशी पडले आहे.

मोकळ्या जागेवर तोडून पूर्ण शब्द जुळवलेस, तर डाळिंब सुटेल पण ‘तूरडाळ’ हातची जाईल. ‘चादर’ शोधली की ‘चादरी’ सापडतात, ‘साडी’ शोधून ‘साड्या’ मात्र सापडत नाहीत. तिथं वेलांटीच गळून पडते. मी शोधशब्द लांबीनं लावते, लांब शब्द आधी. ‘डाळिंब’ विचारून झाल्यावरच ‘डाळ’, आणि जुळलं की तिथंच थांबायचं. ‘साडी’, ‘साड्या’ दोन्ही यादीत. ओबडधोबड आहे, पण चालतं.

आता अक्षरं कितीही तासलीस तरी ‘मालदांडी’ ही ज्वारी आहे हे त्यांतून निघणार नाही. ‘शेंगा’ तू भाजीत घातल्यास, शेवग्याच्या समजून. पुण्यात राहून विसरलीस का? आपल्याकडे नुसत्या शेंगा म्हणजे भुईमुगाच्या, चटणीच्या. अमरसिंहानं ‘अमरकोशा’त मसूर वैश्यवर्गात घातला आणि डाळिंब वनौषधिवर्गात, वस्तू कुठं पिकते नि कोणाच्या हातात असते, हे त्याला ठाऊक होतं. तुझ्या प्रोग्रामला ते आजीकडूनच कळणार. म्हणून जे जुळत नाही ते ‘इतर’मध्ये दडपू नकोस, दरवेळी छापून तिला वाचून दाखव. तुझ्या ‘इतर’मध्ये सध्या बासष्ट नोंदी आहेत. मला तोच भाग सगळ्यात वाचनीय वाटला.

एक नोंद मात्र आमच्या दोघींच्याही आवाक्याबाहेरची निघाली: ‘गड्डा ८०’. तुझ्या यादीत ‘गड्डा’ कोबीपुढे आहे, म्हणून ती भाजीत गेली. मी तारीख पाहिली, तर १५ जानेवारी. म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पाळणे, खेळणी. आजीला विचारलं. ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘त्या दिवशी कोबीही आणला असेल गं.’’

तुझी,
मावशी