वायच रव

सहा-सात वर्षांच्या मुलाचा राग आधी अंगात येतो. मुठी आवळतात, कान तापतात, श्वास वर वर चालतो. शब्द सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा हात चालून गेल्यावर येतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो आणि पहिलीच्या वर्गात त्याचे काम जेमतेम सुरू झालेले असते. त्यामुळे स्वतःला आवरणे हेही पाढ्यांसारखे शिकवावे लागते, आणि राग नसताना शिकवावे लागते. भांडण रंगात असताना दिलेला उपदेश ऐकायला मूल जागेवर नसतेच.

कुडाळ तालुक्यात कर्ली नदीच्या बाजूला असलेले वालावल लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि त्याला लागून असलेल्या तळ्यासाठी ओळखले जाते. सिंधुदुर्गातल्या अशा गावांमधल्या प्राथमिक शाळांचा पट लहान असतो. दोन शिक्षकांत चार-पाच इयत्ता वाटून घ्यायच्या असतात आणि एकाच खोलीत पहिलीचे अक्षर आणि चौथीचा भागाकार शेजारी बसतात. शहरातल्या चाळीसच्या वर्गात एकाशी बिनसले तर दुसरा गट सापडतो. इथे दुसरा गट करायला मुलेच नसतात. शिवाय ती सगळी एकमेकांच्या वाडीतली, बऱ्याचदा भावकीतली. कुंपणाच्या गडग्यावरून किंवा पाटाच्या पाण्यावरून मोठ्यांचे बोलणे बंद झाले की दुसऱ्या दिवशी दोन दप्तरे लांब लांब ठेवलेली दिसतात. शिक्षकाला त्या वादाचा निवाडा करता येत नाही, आणि त्याने करूही नये. त्याच्या हातात शाळेचे पाच-सहा तास तेवढे असतात.

पहिले काम शब्दांचे. ‘मला तुझ्या वागण्याचे वाईट वाटले’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी भांडणाच्या वेळी येणार नाही. तेव्हा येते ते ‘बाई, ह्येना माझो रबर घेतल्यान!’ ही झाली तक्रार, भावनेचे नाव अजून आलेलेच नाही. ‘माका राग इलो’ हे चार माणसांत सांगता येणे ही पुढची पायरी. घाटावरून बदली होऊन आलेल्या शिक्षकाने हे वाक्य सुधारून प्रमाण मराठीत म्हणायला लावले, तर मूल व्याकरण सांभाळते आणि रागाचे सांगायचे राहून जाते. त्यानंतर छटा येतात. फुगणे वेगळे, रुसणे वेगळे, हिरमुसणे वेगळे, ओशाळणे तर अगदीच वेगळे. रुसलेल्याला कुणीतरी जवळ यायला हवे असते, ओशाळलेल्याला कुणी बघायलाही नको असते. दोघांनाही ‘रागावला’ म्हणून मोकळे होणारा शिक्षक निम्मी भांडणे चुकीच्या टोकाने धरतो.

दुसरे काम थांबण्याचे, आणि त्याला व्याख्यानापेक्षा खेळ बरा. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटले की हात वर न्यायचे. नुसते ‘हात खाली’ म्हटले तर हलायचे नाही. सुटू पाहणारा हात जागच्या जागी धरणे, एवढाच त्याचा गाभा. मॉन्टेसोरी पद्धतीतला शांततेचा खेळ याहून अवघड. सगळे डोळे मिटून बसतात, शिक्षक खोलीच्या टोकाशी जाऊन कुजबुजत एकेकाचे नाव घेतो आणि नाव ऐकणाऱ्याने आवाज न करता उठून यायचे. कौलांवर पाऊस कोसळत असला की हा खेळ जमत नाही, म्हणून कोकणात तो दिवाळीनंतरचा. हीच पद्धत इथल्या मुलांसाठी वळवून घेणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला जाऊन ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेले. त्यांचा आग्रह शिक्षण मुलांच्या अंगणात आणि त्यांच्या बोलीत नेण्याचा होता. वालावलला त्या अंगणात दशावतार हे लोकनाट्य आहे.

वालावलकर नाटकमंडळींचे नाव दशावतारात जुने. जत्रेच्या दिवसांत मुले पहाटेपर्यंत जागतात आणि पुढचे आठ दिवस मधल्या सुट्टीत लाकडी पट्ट्यांची युद्धे चालतात. ती बंद पाडण्यापेक्षा वर्गात घेतलेली बरी. दशावतारातले संवाद परंपरेने लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या जुळवतो. म्हणून एक राक्षसपार्टी, एक राजपार्टी नेमून द्यायची आणि विषय खडूचा डबा किंवा झोपाळा असा घरचा ठेवायचा. राक्षस मोठ्याने ओरडत येतो, बाकावर झांज वाजते, आणि ठरलेल्या ठोक्याला त्याने गप्प व्हायचे असते. मग पार्टी, म्हणजे भूमिका, बदलायची. राग अंगावर चढवता येतो तसा उतरवताही येतो, हे मुलाला इथे अंगाने कळते.

थांबण्याबद्दल मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे एक गोड वडी ठेवली जाई. न खाता थांबले तर दोन मिळत. थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात हा त्यातून काढलेला निष्कर्ष 2018च्या मोठ्या फेरअभ्यासात, घरची परिस्थिती जमेस धरल्यावर, बराच विरळ झाला. शिक्षकाच्या उपयोगाचा भाग दुसराच आहे : गोड डोळ्यांआड झाकले की मुले जास्त वेळ थांबत, आणि काही जण तोंड फिरवून गाणी गुणगुणत. खिचडीच्या रांगेत हे लगेच वापरता येते. पातेल्याकडे टक लावून उभे राहणारेच ढकलाढकली करतात. त्यांना पाढा म्हणायला लावला किंवा ताटल्या मोजायला दिल्या की रांग आपोआप सरळ होते. ‘वायच रव’, जरा थांब, असे नुसते सांगून भागत नाही. रवायचे म्हणजे तेवढा वेळ करायचे काय, तेही सांगावे लागते.

भांडणानंतर ‘सॉरी म्हण’ हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि मुलांनाही ते ठाऊक असते. शब्द तोंडातून निघतो आणि नजर जमिनीवर राहते. फाटलेल्या वहीला दोघांनी मिळून खळ लावून कागद चिकटवला तर माफी मागितली नाही तरी चालते. 2009मध्ये बीड जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत गेलेल्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमानेही जोडीचर्चा आणि सहयोगी खेळ यांवर भर दिला तो याच धर्तीवर. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ बेकायदा ठरवला. छडी गेली, तरी आवाज उरतो. स्वतः ओरडून ‘ओरडू नका’ सांगणारा शिक्षक मुलांना ओरडायलाच शिकवतो. दोन इयत्तांत दिवसभर धावणाऱ्याला ही चूक टाळणे सोपे नाही. पट्टी टेबलावर ठेवून दारापर्यंत चालत जाणे आणि परत येणे, एवढ्या वेळात पुष्कळ काही निवते.

लहान पटाचा एक फायदा मोठ्या शाळांना मिळत नाही. चौथीचे चेडू पहिलीच्या झिलाचा हात धरून त्याला बाजूला नेते आणि शिक्षकाचेच शब्द त्याच्याच सुरात म्हणून दाखवते. सुरातली शिक्षकाची चिडचिडसुद्धा त्यात हुबेहूब उतरते. आणि खेळायला गडीच मोजके असल्यामुळे अबोला फार दिवस परवडत नाही. घरी गडग्याचा वाद अजून मिटलेला नसतो, पण लंगडीला एक भिडू कमी पडतो, आणि कुणीतरी दाराशी येऊन विचारते, ‘माका खेळूक घेतास?’