पडाव ओढण्याची वाट

लंडनला गेलेला आपला माणूस आधी १०, किंग हेन्रीज रोड गाठतो. १९२१-२२ साली बाबासाहेब त्या घरात राहिले. आता तेथे त्यांचे स्मारक आहे. मग तो ब्रिटिश म्युझियम पाहतो, कारण तिथल्या ग्रंथालयात बाबासाहेब तासन्‌तास वाचत बसत. त्याच म्युझियमच्या संग्रहात सेमूर हेडन यांची एचिंग चित्रे आहेत.

हेडन (१८१८-१९१०) पेशाने सर्जन. फावल्या वेळात ते तांब्याचा पत्रा घेऊन थेट नदीकाठी बसत. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेघा काढायच्या, मग पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. उघड्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात. त्यांत शाई भरून, वरची पुसून, ओल्या कागदावर यंत्राने दाब दिला की चित्र उमटते, तेही उलटे! १८६४ साली त्यांनी असेच थेम्सकाठच्या एका वाटेचे चित्र केले. आकाराने वहीच्या पानाएवढे.

पाहणाऱ्याला ती फिरायची शांत वाट वाटते. पण चित्राचे नाव आहे 'द टोइंग पाथ', म्हणजे पडाव ओढण्याची वाट. ही वाट फिरण्यासाठी झालेलीच नव्हती. मालाने भरलेले पडाव प्रवाहाविरुद्ध न्यायचे तर काठावरून दोराने ओढावे लागत. आधी माणसांच्या टोळ्या खांद्यावर दोर घेऊन ओढत, पुढे घोडे आले. वर काठचे जमीनमालक या वाटेचा टोल घेत! घाम एकाचा, वसुली दुसऱ्याची. हे आपल्याला नवीन नाही. रेल्वे आली तसा नदीवरचा धंदा घटला. कलावंतांनी ही वाट रंगवली, कोरली, ते चांगलेच केले. पण दोर ओढणाऱ्यांची नावे कोणत्या भिंतीवर लागली?

१९९६ पासून ही वाट 'थेम्स पाथ' या जवळपास तीनशे किलोमीटरच्या पायवाटेत आहे. तिकीट नाही. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला चालत गेलेल्या समाजाने पाण्याकाठच्या या मोकळ्या वाटेवर जरूर चालावे. पुटनीच्या पुलापासून निघावे, रिचमंडवरून किंग्स्टनला यावे. तिथे वाट पुलावरून पलीकडच्या काठाला जाते आणि हॅम्प्टन कोर्टकडे वळते. पडाव ओढणाऱ्यांनाही असाच काठ बदलावा लागे. वरच्या बाजूला जिथे पूल नव्हता, तिथे घोडेसुद्धा नावेत घालून पलीकडे न्यावे लागत.