कंदिसा

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, आम्ही चार-पाच पोरे रॉक ऐकायला एसटीने पुणे गाठायचो. घरी विचारत, "हा धिंगाणा आपल्यात कुठून आला?" खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकत वाढलेल्या आम्हाला उत्तर सुचत नसे. ते मिळाले 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडकडून. त्यांच्या २००० सालच्या 'कंदिसा' अल्बमचे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. गिटारीला तबल्याची साथ मिळे आणि सारे मैदान, अर्थ न कळताही, गाऊ लागे. कंदिसा म्हणजे पवित्र. अल्लाहच्या ९९ नावांतले 'अल-कुद्दूस' त्याच मुळातले. फारसी न कळताही कव्वाली ऐकताना अब्बांचे डोळे भरून येत. मैदानात आमचेही भरून आले. मग परके ते काय उरले?