स्टेपनीचे ओझे

जी वस्तू वर्षानुवर्षे हाताशी येत नाही तिला आपण अडगळ म्हणतो व माळ्यावर टाकतो. मोटारगाडीच्या मागील कप्प्यात निजून राहिलेले पाचवे चाक, म्हणजे आपली स्टेपनी, हिची गणना अलीकडे अशाच अडगळीत होऊ लागली आहे. गाडी हलकी असावी, हा आजच्या कारागिरीचा मंत्र आहे. मंत्र खोटा नाही. परंतु तो कोठवर जपावा याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, एवढ्याकरिता हे चार शब्द.

प्रथम हलकेपणाची बाजू पाहू. रिसोड तालुक्यातील केनवडच्या शिवारात जुनी बैलगाडी ज्याने पाहिली आहे, त्यास चाकाचे वजन म्हणजे काय हे सांगावयास नको. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले आरे, भोवती लाकडी पाटे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव! चाक मोठे टिकाऊ खरे, पण त्याचा भार बैलांच्या खांद्यावर. 1888 साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि चाकास मऊपणा आला. मात्र लोखंडी धावेस जे दुखणे ठाऊक नव्हते, ते पंक्चर त्याबरोबरच जन्मास आले.

त्या दुखण्यावरील औषध 1904 साली निघाले. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी नामक रस्त्यावर डेव्हिस आडनावाच्या बंधूंचे दुकान होते. आरे नसलेल्या कड्यावर हवा भरलेला टायर चढवून ते कडे बिघडलेल्या चाकास आवळून बसविण्याची युक्ती त्यांनी काढली. तो रस्ता कोणास ठाऊक नसला, तरी त्याचे नाव आज आपल्या खेड्यापाड्यांतील प्रत्येक चालकाच्या तोंडी आहे.

आता चाके हलकी करण्यात काय लाभ? वर्गात हा प्रश्न आला तेव्हा आम्ही असे सांगितले : चाकाच्या परिघावरील 1 किलो वजनास गाडीबरोबर पुढे धावावे लागते आणि शिवाय स्वतःभोवती फिरावेही लागते, म्हणून वेग घेताना ते 2 किलोंइतके जड पडते. तसेच चाक हे स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके हलके, तितके खड्ड्यामागून चटकन सावरते व रस्ता धरून राहते. याच हेतूने पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके करितात. अ‍ॅल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे तिसरा हिस्सा; पण ते तितके बळकट नसल्याने जाड घ्यावे लागते, आणि म्हणून प्रत्यक्ष बचत पुष्कळ कमी होते. शिवाय मोठ्या धक्क्याने पोलादी चाक बहुधा वाकते, तर ओतीव मिश्रधातूचे चाक तडकण्याची भीती असते.

यावर एका मुलाने विचारले, "सर, मग स्टेपनी काढून टाकली तर?" प्रश्न मार्मिक होता. परंतु स्टेपनी फिरत नाही. ती नुसती बसून असते. लहान गाडीची स्टेपनी 15 किलोंच्या आसपास भरते. गाडी 1000 किलोंची धरिली, तर बचत शेकडा दीड! टाटांची नॅनो आठवावी. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी ती घडविली व 10 जानेवारी 2008 रोजी ती दिल्लीत जगापुढे आली. काटकसर इतकी, की चाकास चाराऐवजी तीनच नट आणि काचेस एकच वायपर. तरीही तिच्या पुढील झाकणाखाली स्टेपनी होती.

जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ज्या गाडीस ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र व दुरुस्तीचा संच असेल, तिला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. शहरात हे सोयीचेच आहे. खिळ्याचे बारीक छिद्र संचातील द्रवाने बुजते, आणि वाचलेल्या जागेत विजेच्या गाडीची बॅटरी सामावू शकते.

परंतु सर्व रस्ते शहरातले नसतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या वडील भगिनींस रात्री धाप लागली, म्हणून भाच्याच्या नव्या गाडीतून आम्ही त्यांस वाशीमला नेत होतो. केनवडजवळ रस्त्याच्या कडेचा धारदार दगड लागून टायरची बाजूच चिरली. यंत्राने हवा गेल्याची वर्दी इमानाने दिली; संचातील पांढरा द्रव मात्र चिरेतून चिखलात वाहून गेला. गाडीत स्टेपनी नव्हती. आक्कांचा श्वास अधिकाधिक जड होत होता. इतक्यात एक काळी-पिवळी येऊन थांबली. चालकाने आपली स्टेपनी उतरविली, कंदिलासारखा मोबाईल धरून दोन्ही चाके न्याहाळली व म्हणाला, "मास्तर, तुमचे बोल्ट चार अन् माहे पाच, हे काही बसत नाही. आक्काले माह्या गाडीत घ्या." आधीच दाटीने बसलेल्या प्रवाशांनी आणखी दाटी केली. आक्का वेळेवर पोहोचल्या व पुढे बऱ्या झाल्या. पैसे देऊ केले, तर त्या गृहस्थाने हात जोडले.

तेव्हापासून आमच्या मनात एक गोष्ट ठसली आहे. आमच्या गाडीने जे 15 किलो वाहिले नाहीत, त्यांचा भार नाहीसा झाला नव्हता. तो त्या चालकाच्या व परक्या प्रवाशांच्या अंगावर गेला होता. असा मदतगार प्रत्येक रात्री भेटेलच असे नाही.

तात्पर्य, गाडी घेताना पालकांनी रंगाबरोबर मागील कप्पाही उघडून पाहावा. स्टेपनी असल्यास तिची हवा महिन्यातून एकदा तपासावी. जॅक व पाना जागेवर आहेत ना, हे पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी कित्येक उद्या अभियंते व्हाल. गाड्या अवश्य हलक्या करा. मात्र जे वजन तुम्ही उतरविता ते अखेर कोणी उचलावयाचे, हा हिशेब कागदावर मांडल्यावाचून पुढे जाऊ नका.